बहिणीला पुण्याला इंजिनिअरिंग लागलं. नऊ लाखांचं कर्ज काढू का?

चटई_एमआयडीसी | १३ ऑगस्ट, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. मी चोपडा तालुक्यातला, सध्या जळगाव एमआयडीसीत चटईच्या कंपनीत सुपरवायझर. लहान बहिणीला कॅपच्या, म्हणजे शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, दुसऱ्या राउंडला पुण्याच्या एका खासगी कॉलेजात कॉम्प्युटर लागलं. गावात पेढे वाटून झाले, आता रात्री झोप नाही.

हिशोब असा. फी वर्षाला १,२२,०००. होस्टेल, मेस आणि येणं-जाणं धरून ९५,०००. लॅपटॉप ५०,०००. चार वर्षांचे ९ लाख १८ हजार. वडिलांकडे साडेतीन एकर, निम्मी कोरडवाहू. यंदा कपाशी बरी आहे, पण कपाशीचं बरं असणं बोंड फुटेपर्यंतच खरं, तुम्हाला माहीतच आहे.

सोमवारी सुट्टी टाकून बँकेत गेलो. साहेबांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, साडेसात लाखांच्या वर तारण लागेल आणि शेतीचा सातबारा तारण म्हणून चालणार नाही. दोन, वडिलांचं पीककर्ज थकीत आहे, सिबिल खराब, तेव्हा "अवघड आहे". पाच मिनिटांत बाहेर. लेखी काही दिलं नाही, मीही मागितलं नाही.

जळगावला एक एजंट भेटला. म्हणतो, दोन टक्के द्या, आठ दिवसांत मंजूर करून आणतो. कॉलेजला रिपोर्टिंग करायला चार दिवस उरलेत. आते काय करवा?

---

पारोळ्याचा_नाना | १३ ऑगस्ट, रात्री ११:१५

भाऊ, राग मानू नको. माझ्या पुतण्याचं असंच झालं होतं. कर्ज काढून इंजिनिअर केला, आता हिंजवडीला अठरा हजारांवर आहे, नऊ हजार खोलीलाच जातात. बँकेचा हप्ता माझा भाऊ केळी विकून भरतो. जळगावला सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज आहे, विद्यापीठ इथंच आहे, घरचा डबा खाऊन शिकता येतं. पुण्यालाच काय सोनं लागलंय?

---

चटई_एमआयडीसी | १३ ऑगस्ट, रात्री ११:३२

नाना, जळगावचं सरकारी पहिल्या पसंतीलाच टाकलं होतं. तीन मार्कांनी गेलं. घरच्या डब्याचं म्हणाल तर आमच्या गावाहून जळगाव दीड तास एसटी आहे, पावसाळ्यात दोन. ती रोज कशी करायची? आणि मुलगी आहे म्हणून जवळ ठेवा असं कोणी म्हणणार असेल तर ते आधीच सांगतो, नको.

---

पारोळ्याचा_नाना | १३ ऑगस्ट, रात्री ११:४०

मी तसं म्हटलंच नाही. हप्त्याचं म्हटलं.

---

खिडकी_क्रमांक_३ | १४ ऑगस्ट, सकाळी ७:०५

मी धुळ्याच्या एका कॉलेजात शिष्यवृत्तीच्या खिडकीवर बसते, चौदा वर्षं झाली. ड्यूटीला जायच्या आधी घाईत लिहिते.

भाऊ, तुम्ही कर्जाचा हिशोब केला, पण आधी फीचा करायचा होता. तीन प्रश्नांची उत्तरं द्या. बहिणीचा प्रवर्ग कोणता? घरचं वार्षिक उत्पन्न तहसीलदारांच्या दाखल्यावर किती? प्रवेश कॅपमधूनच ना, मॅनेजमेंट कोट्यातून नाही ना?

---

चटई_एमआयडीसी | १४ ऑगस्ट, सकाळी ७:२०

ताई, ओबीसी. दाखल्यावर १ लाख ९० हजार. कॅपमधूनच. नॉन-क्रिमिलेयर आणि जात वैधता दोन्ही आहे, बारावीतच काढून ठेवली होती.

---

खिडकी_क्रमांक_३ | १४ ऑगस्ट, दुपारी १:५० (डबा खाताना)

मग १,२२,००० हा आकडा कशाला धरून बसलात?

जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे. कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतलेल्या मुली, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के शासन भरतं. २०२४-२५ पासून लागू आहे, त्याआधी पन्नास टक्के होतं. खासगी विनाअनुदानित कॉलेजातही चालतं. अभिमत विद्यापीठ आणि खासगी स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठाला चालत नाही. मॅनेजमेंट कोट्यालाही नाही.

पण पेढे पुन्हा वाटू नका. "मोफत शिक्षण" असं पेपरात छापून येतं आणि पालक माझ्या खिडकीवर येऊन भांडतात. शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क एवढंच माफ आहे. डेव्हलपमेंट फी, जिमखाना, ओळखपत्र, अनामत हे सगळं भरावंच लागतं. कॉलेजच्या फी स्ट्रक्चरचा कागद घ्या, त्यात ट्यूशन फी वेगळी दाखवलेली असते, ती वजा करा.

आणि अर्ज महाडीबीटीवर, म्हणजे शासनाच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, दरवर्षी करायचा. एकदा केला म्हणजे झालं असं नाही, पुढच्या वर्षी रिन्युअल असतं. माझ्याकडे दर वर्षी चार-पाच जण असे येतात की दुसऱ्या वर्षी भरलाच नाही. मग तिसऱ्या वर्षी रडारड.

---

चटई_एमआयडीसी | १४ ऑगस्ट, दुपारी २:३०

ताई!! कंपनीत मोबाईल लपवून वाचतोय, हात थरथरून राहिलेत.

कॉलेजच्या कागदावर ट्यूशन १,०४,०००. परीक्षा ३,०००. बाकी डेव्हलपमेंट वगैरे १५,०००. म्हणजे आम्हाला फक्त पंधरा हजार? पण कॉलेजवाले फोनवर म्हणाले की आधी ट्यूशनची निम्मी भरा, शासनाचे पैसे आले की परत करू.

---

खिडकी_क्रमांक_३ | १४ ऑगस्ट, रात्री ९:१०

हे ऐकलेलंच आहे. कॉलेजांचंही एक दुखणं आहे ते सांगते, म्हणजे नुसती शिवी देऊन चालत नाही हे कळेल. शासनाकडून प्रतिपूर्ती वेळेवर येत नाही, प्राध्यापकांचे पगार तर दर महिन्याला द्यायचे. म्हणून ते मुलांकडून ओढतात. तरी पात्र मुलीकडून प्रवेशाच्या वेळी ही फी मागू नये असं शासनानं बजावलेलं आहे.

करायचं एवढंच: ट्यूशनची रक्कम कोणत्या नियमानं मागता ते लेखी द्या, असा साधा अर्ज करून पोच घ्यायची. बहुतेक वेळा पोच मागितली की आवाज खाली येतो. नाही आला तर तंत्रशिक्षणाच्या सहसंचालक कार्यालयात तक्रार. पुण्याचं कॉलेज म्हणजे पुणे विभाग. आपल्या जळगाव-धुळ्याच्या कॉलेजांसाठी नाशिक विभाग लागतो, तिथं जाऊ नका.

---

अक्राणी_एक्सप्रेस | १४ ऑगस्ट, रात्री १०:२५

ताई, तुमच्यासारखं कोणी आमच्या कॉलेजच्या खिडकीवर असतं तर माझं एक वर्ष वाचलं असतं.

मी धडगावकडचा, पावरा. धुळ्याला बीएस्सीला आहे. आदिवासी विकासची स्वयंम योजना घेतो. वसतिगृहात जागा मिळाली नाही की जेवण, खोली, पुस्तकांचे पैसे थेट खात्यात देतात. पुण्या-मुंबईला वर्षाला ६० हजार आहेत, आपल्याकडे त्याहून कमी.

पहिल्या वर्षी सगळ्यांचे पैसे आले, माझे आले नाहीत. प्रकल्प कार्यालय म्हणे, "आम्ही पाठवले." बँक म्हणे, "आलेच नाहीत." तळोद्याला चार चकरा. एका चकरेला धडगावहून निघालो तर घाटात दरड, अर्धा दिवस गाडीतच. खानावळवाल्या मावशींकडे सात महिन्यांची उधारी झाली. त्या काही बोलायच्या नाहीत, फक्त भाकरी ताटात टाकताना आवाज यायचा.

शेवटी एका मित्रानं आधारच्या साईटवर "बँक सीडिंग" उघडून दाखवलं. माझं आधार भलत्याच खात्याला जोडलेलं! दिवाळीत गावात कॅम्प लागला होता, सगळ्यांचे अंगठे घेऊन खाती उघडली. मीही दिला होता अंगठा. पैसे तुम्ही फॉर्ममध्ये लिहिलेल्या खात्यात जात नाहीत, आधार ज्या खात्याला शेवटी जोडलं त्याच्यात जातात. माझे सगळे पैसे तिथं सात महिने पडून होते, मला पासबुकही मिळालेलं नव्हतं.

चटई भाऊ, तुमच्या बहिणीचं आजच बघा. दोन मिनिटं लागतात.

---

चटई_एमआयडीसी | १४ ऑगस्ट, रात्री १०:५०

बघितलं. जोडलंय, पण गावातल्या जुन्या खात्याला. ते चालू आहे की बंद हे उद्या बघतो. धन्यवाद मित्रा. मावशींची उधारी फिटली का?

---

अक्राणी_एक्सप्रेस | १४ ऑगस्ट, रात्री १०:५८

फिटली. पैसा उना तवय पहिला त्यांच्याकडे गेलो. त्या म्हणाल्या पाचशे राहू दे, पुस्तक घे.

---

पेन्शनर_भुसावळ | १५ ऑगस्ट, सकाळी ६:१५

झेंडावंदनाला जायचंय, त्याआधी लिहितो. मी बँकेत तेहतीस वर्षं काढली, शेवटची नऊ शाखाधिकारी म्हणून खान्देशातच. तेव्हा टेबलाच्या त्या बाजूचं मला ठाऊक आहे.

चटईराव, तुमच्या साहेबांनी सांगितलं ते खोटं नाही, पण अर्धं आहे. शेतजमीन तारण घ्यायला बँक का कचरते? सरफेसी कायदा, २००२ चा, शेतजमिनीला लागू नाही. कर्ज बुडालं तर कोर्टकचेरी शिवाय जप्ती होत नाही. म्हणून साहेब नाही म्हणाले, तुमच्यावर राग नव्हता.

आता जे सांगितलं नाही ते. ४ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण मागायचं नाही, असं रिझर्व्ह बँकेचंच बंधन आहे. फक्त आई किंवा वडील सहकर्जदार. जामीनदारही नको. स्वतःचा हिस्सा, ज्याला आम्ही मार्जिन म्हणतो, तोही ४ लाखांपर्यंत शून्य. त्याच्या वर देशातल्या शिक्षणाला पाच टक्के. साडेसात लाखांपर्यंत केंद्राची पतहमी योजना २०१५ पासून आहे, तिच्यात बसवलं तर तारण आणि जामीनदार दोन्ही लागत नाहीत. म्हणजे तुम्ही नऊ लाखांचा अर्ज घेऊन गेलात तिथंच साहेबाला सुटायला वाट मिळाली.

खिडकीताईंच्या हिशोबानं पुन्हा मांडा. कॉलेजची उरलेली फी १५ हजार गुणिले चार, ६० हजार. राहणं-जेवण ३ लाख ८० हजार. लॅपटॉप ५०. एकूण ४ लाख ९० हजार. तुम्ही पगारातून महिन्याला किती देऊ शकता? खरं सांगा, उत्साहात नको.

---

चटई_एमआयडीसी | १५ ऑगस्ट, दुपारी १२:४०

काका, तीन हजार. यंदा लग्नाचं बघतायत घरी, तरी तीन जमतील.

---

पेन्शनर_भुसावळ | १५ ऑगस्ट, दुपारी ४:००

मग चार वर्षांत १ लाख ४४ हजार तुमचे. उरले ३ लाख ४६ हजार. साडेतीन लाखांचा अर्ज करा. चारच्या आत बसलात, तारणाचा विषय संपला.

नानांच्या मुद्द्यावर येतो, कारण तो मुद्दा खरा आहे आणि कोणी आकड्यात मांडत नाही. व्याज दहा टक्के धरू. शिक्षण चालू असताना आणि पुढे एक वर्ष हप्ता नसतो, पण सरळव्याज चढत असतं. दरवर्षी सारखी रक्कम उचलली तर पहिल्या वर्षीच्या पैशावर पाच वर्षांचं व्याज, दुसऱ्यावर चार, तिसऱ्यावर तीन, चौथ्यावर दोन. सगळं मिळून मूळ रकमेच्या पस्तीस टक्के.

नऊ लाख अठरा हजारांचे होतात १२ लाख ३९ हजार. दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला १६ हजारांच्या वर हप्ता. अठरा हजार पगारातून. नानांचा भाऊ केळी विकतो ते याच्यामुळे.

साडेतीन लाखांचे होतात ४ लाख ७२ हजार. हप्ता सव्वासहा हजार. आणि शिकतानाचं व्याज सरकारनं भरलं तर मूळ साडेतीनच राहतात, हप्ता ४ हजार ६०० च्या आसपास.

ते व्याज सरकार भरतं. योजना २००९-१० पासून आहे, बँकेत सीएसआयएस म्हणतात. कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत, व्यावसायिक किंवा तांत्रिक अभ्यासक्रम, संस्था नॅकची किंवा कोर्स एनबीएचा मानांकित. शिक्षणाचा काळ अधिक एक वर्ष, एवढ्याचं व्याज केंद्र सरकार बँकेला देतं. आयुष्यात एकदाच, पदवीला किंवा पदव्युत्तरला. मध्येच शिक्षण सोडलं तर मिळत नाही.

---

मेकॅनिकल_१४ | १५ ऑगस्ट, सायंकाळी ७:३०

काका, हे वाचून छातीत कळ आली.

मी २०१४ ला मेकॅनिकलला गेलो. ३ लाख ६० हजारांचं कर्ज, एका सरकारी बँकेचं. वडील गिरणीत हमाल, उत्पन्न लाखाच्या आत. सीएसआयएसला शंभर टक्के पात्र. मंजुरीच्या वेळी उत्पन्नाचा दाखला दिला होता, फाईलला लागला, मी खूश.

२०१९ ला पहिला हप्ता सुरू व्हायच्या वेळी खात्यावर ४ लाख ८० हजार दाखवतात. म्हटलं सबसिडी? तर दाखला तलाठ्याचा होता, तहसीलदारांचा हवा होता, म्हणून क्लेमच गेला नाही. पाच वर्षांत एकानंही फोन करून सांगितलं नाही. नवे साहेब म्हणाले, "जुन्या साहेबांच्या काळातलं आहे." जुने साहेब बदलून गेलेले. एका कागदाचे एक लाख वीस हजार.

फेडले. २०२४ ला संपलं. पण अजून त्या शाखेसमोरून गाडी नेत नाही, पलीकडच्या गल्लीतून जातो.

---

पेन्शनर_भुसावळ | १५ ऑगस्ट, रात्री ८:४५

बाळा, माझ्या शाखेत असं झालं नसेल असं मी छातीठोक म्हणू शकत नाही. मार्चएंडला पीककर्ज, वसुली, ऑडिट एका बाजूला आणि हा क्लेम एका बाजूला. शाखेला त्यातून काही मिळत नाही, म्हणून तो राहतो. चूक बँकेचीच.

तेव्हा चटईराव, हे कागदावर लिहून भिंतीला लावा. दाखला तहसीलदारांचा. मंजुरीपत्रात व्याज सबसिडीचा उल्लेख आहे का ते वाचायचं. आणि दरवर्षी एप्रिल-मे मध्ये खातेउतारा काढून व्याजाची रक्कम सबसिडीतून वळती झाली का बघायचं. झाली नसेल तर लेखी अर्ज, पोच.

---

सेतूवाला_साक्री | १५ ऑगस्ट, रात्री ९:२०

दाखल्याचं माझ्याकडून घ्या. उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चला संपतो. लोक ऑगस्टमध्ये येतात, गेल्या वर्षीचा घेऊन. एका वर्षाचा आणि तीन वर्षांचा असे दोन प्रकार असतात, नॉन-क्रिमिलेयरला तीन वर्षांचा लागतो. जूनमध्ये आमच्याकडे जत्रा असते, तेव्हा सर्व्हर बसतो. मे महिन्यात आखाजी झाली की या, चहा पण पाजतो.

---

पारोळ्याचा_नाना | १५ ऑगस्ट, रात्री १०:००

भुसावळवाल्यांनी आकडे दिले तेव्हा पटलं. पुतण्याच्या वेळी आम्ही नुसतं "किती मिळतं" तेवढंच विचारलं, "किती लागतं" हे विचारलंच नाही. बँक देतेय ना, घ्या अजून दोन लाख, असं झालं. त्यात एक मोटरसायकल पण आली, खोटं कशाला बोलू.

---

शहाद्याची_आई | १६ ऑगस्ट, सकाळी ११:१०

माझा मुलगा बीए करतो नंदुरबारला. त्याला पण हे व्याजाचं मिळेल का? आणि ते पीएम विद्यालक्ष्मी काय आहे? मोबाईलवर सारखी जाहिरात येते.

---

पेन्शनर_भुसावळ | १६ ऑगस्ट, दुपारी १२:३०

ताई, बीएला सीएसआयएस नाही, ती व्यावसायिक-तांत्रिकसाठी. आणि खरं सांगू, नंदुरबारला बीए करायला कर्ज काढूच नका. शिष्यवृत्तीत भागतं.

पीएम-विद्यालक्ष्मी नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं मंजूर केली. निवडक दर्जेदार संस्थांच्या यादीतल्या मुलांनाच. सुरुवातीला अशा ८६० संस्था होत्या. उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिकतानाच्या काळात तीन टक्के व्याजसवलत. २०१५ पासूनचं "विद्यालक्ष्मी" पोर्टल वेगळं, ही योजना वेगळी. नावं जुळी बहिणींसारखी असल्यामुळे सगळे गोंधळतात. संस्था यादीत आहे का ते आधी बघायचं. आणि जाहिरातीतल्या लिंकवरून कुठलंही ॲप उतरवू नका, त्यातले निम्मे कर्ज देणारे दुसरेच असतात, व्याज तिप्पट.

---

चटई_एमआयडीसी | १६ ऑगस्ट, रात्री ९:४०

काका, एक अडचण तशीच आहे. वडिलांचं सिबिल. २०१८ च्या दुष्काळात थकलेलं पीककर्ज, व्याज धरून १ लाख ४० हजार झालंय. साडेतीन लाख मागितले तरी साहेब तेच म्हणतील.

---

पेन्शनर_भुसावळ | १६ ऑगस्ट, रात्री १०:१५

आई आहेत ना?

---

चटई_एमआयडीसी | १६ ऑगस्ट, रात्री १०:१७

आहे. पण आईच्या नावावर काहीच नाही. गॅसचं पुस्तक सोडून.

---

पेन्शनर_भुसावळ | १६ ऑगस्ट, रात्री १०:३०

तेच हवंय. नियमात "पालक" आहे, "वडील" नाही. आईला सहकर्जदार करा. कधी कर्जच घेतलं नाही त्यामुळे सिबिलला नोंदच नाही. नोंद नसणं आणि नोंद खराब असणं यात फरक आहे. आईंचं पॅन काढा, आधारवर ई-पॅन लगेच मिळतं.

वडिलांचं थकीत लपवायचं नाही. विचारलं तर सांगायचं. पण अर्ज बहिणीचा, सहकर्जदार आई, साडेतीन लाखांचा, ऑनलाइन करायचा म्हणजे अर्ज क्रमांक राहतो. तोंडी "अवघड आहे" हे उत्तर नव्हे. नाकारायचं तर वरच्या अधिकाऱ्याची संमती घेऊन, कारण लेखी द्यावं लागतं. "तुमचं गाव आमच्या हद्दीत नाही" हेही कारण चालत नाही, रिझर्व्ह बँकेनं २०१२ मध्येच सांगून ठेवलंय. नाहीच ऐकलं तर कलेक्टर कचेरीच्या आसपास अग्रणी बँकेचा जिल्हा व्यवस्थापक बसतो, त्याच्याकडे अर्ज. पुढे बँकेच्या तक्रार कक्षात, तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. तिथवर जायची वेळ क्वचित येते.

एजंटाला दोन टक्के म्हणजे सात हजार. त्यात बहिणीची एक महिन्याची मेस आणि वर जळगावचं भरीत होईल.

---

खिडकी_क्रमांक_३ | १७ ऑगस्ट, सकाळी ७:००

काकांनी बँकेचं सांगितलं, मी एक राहिलेलं सांगते. ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसी मुलांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, स्वयंमसारखीच. शासकीय वसतिगृहात जागा नसेल तर राहण्या-जेवण्याचे पैसे. उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, तुम्ही बसता. पण जागा मोजक्या असतात आणि गुणांवर यादी लागते, म्हणून कर्जाच्या हिशोबात धरू नका. मिळालं तर पुढच्या वर्षी कर्ज कमी उचला. मंजूर साडेतीन लाख झाले म्हणून साडेतीन उचलायलाच पाहिजेत असं नसतं. अर्ज कॉलेज ज्या जिल्ह्यात तिथल्या इतर मागास बहुजन कल्याणच्या कार्यालयाकडे, म्हणजे पुण्याला.

आणि महाडीबीटीवर अर्ज भरून झोपू नका. काही चुकलं की तो "सेंट बॅक" होतो, म्हणजे तुमच्याकडे परत येतो. मेसेज येईलच असं नाही. दर पंधरा दिवसांनी लॉगिन करून बघायचं. मागच्या वर्षी माझ्याकडे एकीचा अर्ज फक्त रेशनकार्डाचा फोटो धूसर म्हणून दोन महिने परत पडला होता.

---

चटई_एमआयडीसी | ३ सप्टेंबर, रात्री ८:३०

उशीर झाला, गणपतीत मंडळाचं होतं.

काय झालं ते सांगतो. कॉलेजला वडील आणि मी दोघे गेलो. ताईंनी सांगितला तसा अर्ज टाइप करून नेला. खिडकीवरच्या माणसानं वाचला, आत गेला, पंधरा मिनिटांनी बाहेर आला आणि म्हणाला, "ठीक आहे, अदर फी भरा." पंधरा हजार चारशे भरले. अर्ज परत मागत होता, मी दिला नाही, झेरॉक्सवर पोच घेतली.

मग बँक. पोळ्याच्या आदल्या दिवशी आईला घेऊन गेलो. आई पहिल्यांदा बँकेच्या केबिनमध्ये बसली. साहेब तेच. म्हणाले, "यांचं उत्पन्न काय?" आई म्हणाली, "साहेब, वीस वर्षं निंदणी-वेचणी करते, दाखल्यावर कोण लिहितंय?" साहेब हसले. कागद ठेवून घेतले. पुन्हा दोनदा बोलावलं, एकदा होस्टेलच्या खर्चाचं पत्र हवं म्हणून, एकदा तहसीलदारांच्या दाखल्यावर आईचं नाव आधारसारखं नाही म्हणून. आधारवर "बाई" आहे, दाखल्यावर नाही. त्या "बाई"पायी सहा दिवस गेले आणि एक हजार रुपयांचा रोज बुडाला.

काल मंजुरीपत्र आलं. ३,५०,०००. व्याज सबसिडीचा उल्लेख नव्हता. काकांचं वाक्य आठवलं, तिथंच उभा राहून लिहून मागितला. साहेब म्हणाले, "हे तुम्हाला कोणी शिकवलं?" म्हटलं, भुसावळला एक काका आहेत.

---

मेकॅनिकल_१४ | ३ सप्टेंबर, रात्री ८:५५

मंजुरीपत्राचा फोटो काढून मेलवर टाक. आत्ता. उद्या नाही.

---

चटई_एमआयडीसी | ३ सप्टेंबर, रात्री ९:०२

टाकला. एक विचारायचं होतं, हप्ता पुढे मी भरला तर मला इन्कम टॅक्समध्ये काही सूट?

---

पेन्शनर_भुसावळ | ३ सप्टेंबर, रात्री ९:४०

नाही. शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट स्वतःच्या, नवरा-बायकोच्या किंवा मुलांच्या शिक्षणासाठी आहे. बहिणीसाठी भावाला नाही, कायदेशीर पालक असल्याशिवाय. बहीण नोकरीला लागून स्वतः भरेल तेव्हा तिला मिळेल, तेही जुन्या करप्रणालीत. नव्यात ही वजावटच नाही.

आईंना नमस्कार सांगा. वडिलांचं १ लाख ४० हजारांचंही आता मिटवायला घ्या. तडजोडीची योजना आली तर तिच्यात जा, पण सिबिलवर "सेटल्ड" असा शेरा राहतो हे ठरवून जा. पूर्ण भरून "क्लोज्ड" झालं तर उत्तम.

---

अक्राणी_एक्सप्रेस | ४ सप्टेंबर, सकाळी ८:१०

भाऊ, बहिणीचं पुण्यात नवीन खातं उघडणार ना बँकेत? तिथं आधार देताना विचार, सीडिंग होतंय का. नाहीतर गावच्या खात्याचं तुटेल आणि महाडीबीटीचे पैसे फिरत बसतील.

---

चटई_एमआयडीसी | ४ सप्टेंबर, सकाळी ८:२५

अरे देवा. काल संध्याकाळीच उघडलं तिनं. फोन करतो.

---

चटई_एमआयडीसी | ४ सप्टेंबर, सकाळी ९:५०

बघितलं. नव्या खात्याला गेलंय. आता तेच राहू देतो, महाडीबीटीच्या प्रोफाइलमध्येही तेच दिसतंय. गावचं खातं बंद करत नाही, त्यात आईचे तीनशे रुपये आहेत.